कंपोझिट डेकिंगचं काम घेताय? आधी फळीखालचं पाणी कुठे जातं ते बघा



जूनमधला पहिला मोठा पाऊस झाला त्या दिवशी सकाळी साडेसातला मला एक फोन आला. आपल्याच बॅचमधला मुलगा. वडिलांचा ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचा धंदा, हा त्यात डेकिंगची जोड देत होता. एप्रिलमध्ये पुण्यात एका फ्लॅटच्या टेरेसवर त्याने पहिलं काम केलं होतं. २० फूट बाय १० फूट, म्हणजे २०० स्क्वेअर फूट. फोटो इतके सुंदर की मी स्वतः ते ग्रुपवर शेअर केले होते.

"सर, पार्टी म्हणते माल डुप्लिकेट आहे. डेकमधून चहासारखं पाणी निघतंय आणि खालच्या मजल्याच्या पांढऱ्या भिंतीवर ओघळ आलेत. सोसायटीचे सेक्रेटरी वर येऊन उभे आहेत."

मी विचारलं, "टेरेसवर पाणी साठलंय का?"

"हो सर. उंबऱ्यापर्यंत आलंय. पण ते चोकअपमुळे असेल ना?"

चोकअप नव्हतं. त्याचे २५ हजार रुपये यायचे बाकी होते आणि त्या सकाळी ते बुडाले असंच आम्ही दोघांनी धरलं. पुढे काय झालं ते सांगतो. पण त्याआधी ही फळी असते काय आणि घ्यायची कशी, ते नीट समजून घेऊ. कारण फार्महाऊस, होमस्टे, टेरेस गार्डन यांची कामं वाढतायत, आणि "डेकिंगचा धंदा करू का?" असं विचारणारे बरेच जण फक्त फोटो बघून विचारतात.

ही फळी आहे तरी काय?

कंपोझिट डेकिंग म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र वितळवून, साच्यातून दाबून काढलेली फळी. बाहेरच्या कामाच्या फळीत प्लास्टिक बहुतेक वेळा एचडीपीई असतं, म्हणजे आपल्या शाम्पूच्या बाटल्या ज्या जातीच्या प्लास्टिकच्या असतात तेच. साधारण अर्ध्याहून थोडं जास्त लाकूड, तीसेक ते चाळीस टक्के प्लास्टिक, आणि उरलेल्यात रंग, उन्हापासून वाचवणारं रसायन आणि लाकूड-प्लास्टिकला एकमेकांत धरून ठेवणारा जोडक. प्रमाण कंपनीप्रमाणे बदलतं. तो जोडक आणि ते उन्हाचं रसायन हेच महाग असतं, आणि स्वस्त मालात कात्री तिथेच लागते. दोन फळ्या शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही. दोन उन्हाळे गेल्यावर कळतो.

या धंद्याचा जन्म अमेरिकेतला. मोबिल या तेल कंपनीचा एक विभाग जुन्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि लाकडाचा भुसा मिसळून फळ्या बनवत होता. १९९६ साली कंपनीच्याच चार अधिकाऱ्यांनी तो विभाग विकत घेतला आणि ट्रेक्स नावाची कंपनी उभी राहिली. दोन टाकाऊ वस्तूंमधून माल! पुढे २००३ च्या अखेरीस तिथे आर्सेनिकचं रसायन पाजलेलं लाकूड घरगुती वापरातून मागे घेतलं गेलं आणि कंपोझिटला आणखी जागा मिळाली. सुरुवातीच्या पिढीतल्या फळ्यांवर मात्र डाग, बुरशी, रंग उडणे अशा तक्रारी येत राहिल्या. त्यातून पुढची पिढी आली, जिच्या अंगावर प्लास्टिकचं पातळ कवच असतं. आपल्याकडे याला "कॅप्ड" किंवा "को-एक्स्ट्रूडेड" म्हणतात. कवच नसलेली ती "अनकॅप्ड", साधी फळी.

आता एक गोंधळ, ज्यात नवीन माणूस हमखास फसतो. आपल्या बाजारात "डब्ल्यूपीसी" हा शब्द दोन अगदी वेगळ्या वस्तूंना वापरतात. किचनच्या ट्रॉलीला, बाथरूमच्या दाराच्या चौकटीला जो हलका, पांढरट किंवा पिवळसर बोर्ड लावतात, तोसुद्धा डब्ल्यूपीसीच म्हणून मिळतो. तो पीव्हीसीचा फोम असतो. घराच्या आत उत्तम, पण चालायच्या डेकसाठी बनवलेला नाही. प्लायवूडच्या दुकानात जाऊन नुसतं "डब्ल्यूपीसी दाखवा" म्हणालात तर बऱ्याचदा हाच समोर येईल, भावही कमी वाटेल, आणि तुम्ही त्या भावावर कोटेशन देऊन बसाल. म्हणून पूर्ण म्हणा: "आउटडोअर डेकिंग, एचडीपीई बेस."

पोकळ की भरीव, साधी की कवचाची?

आपल्याकडे सर्रास मिळणारी फळी १४० मिलिमीटर रुंद, २५ मिलिमीटर जाड आणि २.९ मीटर लांब असते. थोडाफार फरक असतो, पण हा आकार डोक्यात ठेवा, पुढे हिशेबात लागणार आहे. आतून ती पोकळ असते, वीटभट्टीतल्या पोकळ विटेसारखी, किंवा पूर्ण भरीव. भरीव फळी उचलून बघा, एक नग साधारण १३ किलो भरतो. पोकळ अर्थातच हलकी आणि स्वस्त.

घरच्या टेरेसवर चार माणसं, दोन खुर्च्या असा वापर असेल तर पोकळ चालते. पण तिची तोंडं झाकणाने बंद करायला हवीत. नाहीतर आत पाणी जातं, मुंग्या जातात, आणि कोकणात तर काय काय जाऊन बसतं ते विचारू नका. होमस्टे असेल, वर जड लोखंडी टेबल येणार असेल, लग्नाचे फोटो काढायला पन्नास माणसं उभी राहणार असतील, तर भरीवच सुचवा.

कवच घ्यायचं की नाही? माझं मत विचाराल तर मी गिऱ्हाइकाच्या घरातले सण बघतो. ऐकायला गंमत वाटेल, पण साध्या फळीचा खरा शत्रू पाऊस कमी आणि आपलं घर जास्त आहे. पणतीतलं तेल सांडतं. होळीचा रंग पडतो. भुईचक्राने भाजल्याचा डाग तर निघतच नाही, कारण तिथे प्लास्टिक वितळलेलं असतं, आणि तो कवचाच्या फळीवरही निघत नाही. पण तेल, रंग, चहा हे कवचावरून पुसता येतात. साधी फळी ते पिऊन टाकते. साध्या फळीचा फायदा असा की वरवर ओरखडा आला तर सगळीकडे एकच रंग असल्यामुळे हलकं घासून तो लपवता येतो. कवचाच्या फळीवर तसं घासायला जाऊ नका, कवच फाटलं की आतला रंग दिसतो.

नमुना आणलात की घरीच परीक्षा घ्या, यासाठी लॅब लागत नाही. तुकड्याचं वजन करा, एक दिवस बादलीत बुडवून ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. चांगल्या तुकड्याचं वजन जेमतेम हलतं. दुसऱ्या तुकड्याच्या अर्ध्या भागाला काळी टेप गुंडाळून महिनाभर गच्चीवर उन्हात टाका. टेप काढली की किती रंग उतरला ते समोर दिसेल, आणि हाच तुकडा पुढे गिऱ्हाइकाला दाखवायला उपयोगी पडतो. तिसऱ्यावर भाजीची तेलकट तर्री सांडा. हळदीचा पिवळेपणा उन्हात उडून जाईल, त्यावर भाळू नका. तेलाची काळसर सावली राहते का ते बघा. तीन सप्लायरचे तुकडे एकाच वेळी असे टाकले तर महिनाभरात तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही.

उन्हाचा हिशेब

लाकूड लांबीत फारसं वाढत नाही. प्लास्टिक उन्हाने वाढतं, आणि ही फळी त्या दोघांच्या मधली. जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत फळीच्या अंगात सहज ४०-५० अंशांचा फरक पडतो. तेवढ्यात २.९ मीटरची फळी ५-६ मिलिमीटर लांब-आखूड होऊ शकते. नेमकं किती, ते कंपनीच्या माहितीपत्रकात बघा, कारण ते मालावर ठरतं. दोन फळ्या टोकाला टोक चिकटवून बसवल्या, तर मेमध्ये त्या एकमेकींना ढकलून मधून वर उठतात. भिंतीला घट्ट टेकवली तर भिंतीचं प्लास्टर उडतं किंवा फळी कमान घेते. आणि एक बारकावा: भर दुपारी फळी आधीच फुगलेली असते, तेव्हा फट कमी ठेवली तरी चालते. डिसेंबरच्या सकाळी काम करताय तर फट पूर्ण ठेवा. कसलेला सुतारसुद्धा इथे चुकतो, कारण त्याचा हात सागवानावर बसलेला असतो आणि फट ठेवणं त्याला कच्चं काम वाटतं. त्याला समजावून सांगा, रागावू नका.

उन्हाचाच दुसरा मुद्दा पायाचा. आपली माणसं चपला दाराशी काढून गच्चीत जातात. गडद चॉकलेटी, काळपट फळी फोटोत भारी दिसते, पण विदर्भात एप्रिल-मेच्या दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा! कंपोझिट लाकडापेक्षा जास्त तापतं. पश्चिमेचं ऊन असेल, घरात लहान मूल असेल, तर फिका रंग सुचवा आणि कारण सांगा. एका घरी आजींनी डेक बघून पहिला प्रश्न विचारला होता, "यावर कुरडया वाळतील का?" वाळतील आजी, झकास वाळतील, फक्त खाली स्वच्छ कापड घाला.

आता त्या टेरेसवर परत येऊ

मी दुपारी तिथे पोहोचलो. दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडल्या होत्या आणि पार्टीला ती एकच फसवणूक वाटत होती.

पहिली गोष्ट, चहासारखं पाणी. साध्या फळीत लाकडाचा भुसा असतो आणि लाकडातला नैसर्गिक तपकिरी रंग, टॅनिन, पहिल्या काही पावसांत धुऊन बाहेर येतो. माल खोटा नसतो. दोन-चार मोठ्या सरी झाल्या की ते कमी होत थांबतं. याबरोबर पहिल्या काही महिन्यांत फळीचा रंगही थोडा फिका पडतो आणि मग स्थिरावतो. हे सगळं आपल्या मुलाला ठाऊक होतं! त्याने सप्लायरकडून ऐकलं होतं. पण ऑर्डर जाईल या भीतीने पार्टीला सांगितलं नव्हतं. आधी सांगितलं असतं तर ती माहिती ठरली असती. नंतर सांगितल्यावर ते कारण झालं. शिवाय काम संपल्यावर डेक दोन-तीन वेळा पाण्याने धुऊन, ते पाणी बादलीत किंवा जाळीकडे नेलं असतं, तर बराचसा रंग एप्रिलमध्येच निघाला असता आणि भिंत वाचली असती.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. मी विचारलं, "बॅटन कुठल्या दिशेने टाकलेस?"

"लांबीत, सर. २० फुटांच्या बाजूने."

"आणि टेरेसचा ढाळ?"

तो गप्प. ढाळ १० फुटांच्या दिशेने होता, दारापासून पॅरापेटकडे, आणि पॅरापेटजवळच्या कोपऱ्यात पाणी जायची जाळी. म्हणजे फळीखालचं प्रत्येक बॅटन पाण्याच्या वाटेत आडवं पडलं होतं. शेतात बांध घालतात तसे तेरा बांध! पाणी पहिल्या बांधाशी साठलं, तो भरला आणि मागे फिरून उंबऱ्याशी आलं. त्यात जाळीसुद्धा फळीखाली गाडलेली. पान अडकलं तर काढायचं कसं?

मित्रांनो, महाराष्ट्रात डेक बसवणं म्हणजे पावसाचं काम आहे. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तरी ही गत. महाबळेश्वरात तो साडेपाच हजारांच्या घरात जातो. म्हणून साईटवर गेल्यावर मोजपट्टी काढायच्या आधी एक बादली पाणी मागा, दाराशी ओता आणि ते कुठे, किती वेळात जातं ते बघत उभे राहा. पाणी मध्येच साचत असेल तर डेकचं बोलूच नका, आधी ढाळ दुरुस्त करून घ्यायला सांगा. त्या ढाळाच्या दिशेनेच बॅटन टाकायचं. दिसायला फळी दुसऱ्या दिशेने हवी असेल, तर बॅटनखाली रबराचे पॅड किंवा उंची कमी-जास्त करता येणारे पेडेस्टल लावून खालून पाण्याला मोकळी वाट ठेवायची. जाळीवर हाताने उचलता येईल असं छोटं झाकण, त्याच फळीचं, सुटं करून ठेवायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टेरेसला भोक पाडायचं नाही. आपल्या टेरेसवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, वर चायना चिप, त्याखाली वॉटरप्रूफिंग असतं. जमिनीवर डेक बसवणारे व्हिडिओ बघून कुणी बॅटन फास्टनरने टेरेसला ठोकलं, तर प्रत्येक भोक म्हणजे खालच्या घराच्या छताला एक संभाव्य गळती. तीस-चाळीस भोकं पाडलीत आणि पावसाळ्यात खालच्यांच्या बेडरूममध्ये ओल आली, तर नवीन वॉटरप्रूफिंगचा खर्च कुणाच्या गळ्यात पडेल? तुमच्याच. ती गळती जुनी होती हे तुम्ही सिद्ध करू शकणार नाही. टेरेसवर सगळी बॅटन एकमेकांना जोडून चौकट करायची आणि ती नुसती ठेवायची, स्वतःच्या वजनाने बसते. काम सुरू करण्याआधी खालच्या घराच्या छताचे फोटो काढून पार्टीला पाठवून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

बॅटन कशाचं, यावरही थोडं बोलू. डब्ल्यूपीसीचं बॅटन स्वस्त असतं, पण ते जमिनीवर टेकलेलं हवं किंवा दर फुटावर पॅड हवा. त्याच्यात भार पेलून अधांतरी राहायची ताकद नाही. उंचावरचा डेक असेल तर जीआय किंवा ॲल्युमिनियमची चौकट लागते. समुद्रकाठी साधा एमएस पाईप रेड ऑक्साईड मारून वापरू नका, खारी हवा त्याला खाते. अलिबाग, मालवण, गोव्याकडची कामं असतील तर स्क्रू आणि क्लिप ३१६ ग्रेड स्टेनलेसची मागा. बाकी ठिकाणी ३०४ पुरते. आणि बॅटनमधलं अंतर पोकळ फळीला ३०० मिलिमीटर, म्हणजे एक फूट. "दीड फुटावर टाकलं तरी काय होतंय" असं मिस्त्री म्हणेल. उन्हात फळी मऊ पडते आणि दोन बॅटनमध्ये झोका घेते. वॉरंटी कार्डवर हे अंतर लिहिलेलं असतं, आणि ते पाळलं नाही की वॉरंटी गेली.

कोटेशन कुठे चुकलं?

आता पैशांवर येऊ. त्या मुलाने ४५० रुपये फुटाने काम घेतलं, एकूण ९० हजार. त्याचा मनातला हिशेब असा होता: बोर्ड २६० रुपये, मजुरी ४०, उरले १५०. २०० फुटांचे झाले ३० हजार नफा. हे दर त्याच्या वेळचे, टॅक्ससकट आहेत. तुमच्या गावचे वेगळे असतील, पण पद्धत बघा.

फळी २.९ मीटर, म्हणजे साडेनऊ फूट. टेरेस १० फूट. प्रत्येक फळी सहा इंच कमी पडते! सहा इंचाचे तुकडे जोडत बसलात तर ते दिसायला वाईट, आणि तुकडा निदान तीन बॅटनवर टेकला पाहिजे या नियमात बसत नाही. यावर तोडगा म्हणजे एका कडेला आडवी बॉर्डरची फळी. ती आणि फटी मिळून तेवढीच जागा भरतात. हे त्याला काम चालू असताना मिस्त्रीने सुचवलं, हे त्याचं नशीब. एका फळीमागे फट धरून १४५ मिलिमीटर जागा जाते, म्हणून २० फुटांत ४२ ओळी, बॉर्डरच्या ३, आणि तुटफुटीला ३. एकूण ४८ फळ्या, २१० फूट माल, ५४ हजार ६००.

बॅटन त्याने धरलंच नव्हतं. एक फुटावर १३ ओळी, प्रत्येकी २० फूट, म्हणजे २६० फूट. ५० रुपये फुटाने १३ हजार. क्लिप दर फळीला दर बॅटनवर एक लागते, मोजून साधारण ५०० झाल्या. स्क्रूसकट ८ रुपयाला एक, म्हणजे ४ हजार. टेम्पो आणि चढवणी साडेतीन हजार, कारण २.९ मीटरची फळी सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि चार जिने चढवावी लागते. मजुरी ८ हजार. सगळं मिळून ८३ हजार १००. नफा ३० हजारांवरून ६,९०० वर आला, तोही पाऊस पडायच्या आधी.

मग पावसानंतर सगळा डेक उचलावा लागला. लपलेल्या क्लिपचा डेक मधूनच उघडता येत नाही, एका टोकापासून फळी फळी सोडवत जावं लागतं. अडीच दिवस मजुरी ६ हजार, रबरी पॅड अडीच हजार. म्हणजे पहिल्या ऑर्डरवर १,६०० रुपये तोटा, आणि बारा दिवसांची झोप.

म्हणून स्क्वेअर फुटाचा दर गिऱ्हाइकाला सांगायला ठेवा, स्वतःचा हिशेब मात्र नग, फूट आणि क्लिप मोजूनच करा. कागदावर टेरेस काढा, फळ्या काढा, मोजा. मुलांच्या चौकटीच्या वहीत एका तासात होतं.

कोटेशनच्या मागच्या पानावर साध्या मराठीत पाच-सहा ओळी छापा: पहिल्या पावसात तपकिरी पाणी येईल, सुरुवातीला रंग थोडा उतरेल, उन्हात फळी तापेल, फटी मुद्दाम ठेवल्या आहेत, फटाके आणि निखारे यांपासून जपा, कुंड्या स्टँडवर ठेवा. त्यावर पार्टीची सही घ्या. मला वाटायचं लोक हे वाचून पळतील. उलट, दोन कोटेशनांपैकी ज्यात हे लिहिलंय तो माणूस जाणकार वाटतो, असं मला एकाहून जास्त जणांनी सांगितलंय.

वॉरंटीचं कार्ड गिऱ्हाइकाच्या आधी तुम्ही वाचा. बहुतेक ठिकाणी ती मालाची असते, उचलून परत बसवण्याच्या मजुरीची नसते. आणि घरगुती वापर वेगळा, व्यावसायिक वेगळा. तारकर्लीचा होमस्टे हे मालकाचं घर असलं तरी वॉरंटीच्या दृष्टीने धंदा ठरू शकतो. "२५ वर्षं गॅरंटी" असं तोंडी बोलून बसू नका.

जीएसटीचं एकच सांगतो. नुसता माल विकणाऱ्यासाठी महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा ४० लाखांची आहे, पण तुम्ही फिटिंगसकट काम घेता. सेवेसाठी ती २० लाखांची आहे. म्हणून ४० चा आकडा ऐकून निवांत राहू नका, सीएला तुमची दोन बिलं दाखवून विचारा.

कुणाला विकू नये?

सोसायटीची सामायिक गच्ची कुणी एकटा डेक करून मागत असेल तर नको. ती त्याची नाही, पत्र येईल आणि काम अर्ध्यावर थांबेल. फ्लॅटला जोडलेली, करारात लिहिलेली टेरेस असेल तरी सोसायटीला लेखी कळवायला सांगा. दाट झाडीखाली, जिथे ऊनच येत नाही अशा कोकणातल्या अंगणात मी सहसा नको म्हणतो. कुजणार नाही, वाळवी फारसं वाकडं करणार नाही, पण वर शेवाळ धरेल आणि पाहुणा घसरेल. तिथे जांभा दगड किंवा खडबडीत फरशी बरी. कुणाला खऱ्या सागवानाचा वास आणि स्पर्शच हवा असेल, तर त्याला कंपोझिट गळ्यात मारू नका. तो रोज बघून हळहळेल आणि चारचौघांत तुमचं नाव घेईल.

त्या मुलाने तो डेक स्वतः उभं राहून परत बसवला. खालच्या मजल्याची भिंत स्वतःच्या खर्चाने पुसून, एक हात रंग मारून दिला. २५ हजार त्याला ऑगस्टमध्ये मिळाले, पूर्ण. जाळीवर त्याने जे सुटं झाकण केलं, ते सेक्रेटरींना इतकं आवडलं की त्यांनी स्वतःच्या बाल्कनीचं माप घ्यायला बोलावलं. आता तो दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या जुन्या साईटवर जातो. झाकण उचलून गाळ काढायचा, फटींतली पानं काढायची, मऊ ब्रशने साबणाच्या पाण्याने डेक धुवायचा, सैल क्लिप घट्ट करायची. दोन माणसं, अर्धा दिवस, एका घराचे दीड हजार रुपये. यंदा अशी चौदा घरं झाली, आणि त्यातल्या तीन घरांनी शेजाऱ्यांचे नंबर दिले.